साडेतीन विसांच्या आजी

ऑर्हूस, डेन्मार्क
28 नोव्हेंबर, शनिवार

ती. आई व ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचं "जेवलीस का" आणि बाबांचं "थंडी किती" यातच वेळ जातो, म्हणून आज लिहायला बसले. दुपारचे पावणेचार वाजलेत आणि बाहेर दिवे लागलेत. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली, तेव्हा आपल्यात आता साडेतीन नाही, साडेचार तासांचं अंतर. तुमच्याकडे सव्वाआठ. बातम्या लावून पानं घेतली असतील.

बंदराजवळच्या मोठ्या वाचनालयात बसले आहे. इथे छतापासून एक भलीमोठी नळीसारखी घंटा टांगली आहे. शहराच्या इस्पितळात बाळ जन्मलं की आईबाप तिथे बटण दाबतात आणि इथे टोल पडतो. आत्ताच एक पडला. कोणी मान वर केली नाही, समोरचे काका मात्र पेपरामागे हसले. डेनिश माणसाचा आनंद साधारण एवढाच दिसतो, तो टिपायला मला चार महिने लागले.

सुरुवातीचे दिवस तर नुसते एका नंबराची वाट बघण्यात गेले. दहा आकडी सीपीआर नंबर, म्हणजे इथल्या प्रत्येक रहिवाशाचा नोंदणी क्रमांक. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, शेवटचा बायकांचा सम, पुरुषांचा विषम. तो मिळेपर्यंत बँक नाही, डॉक्टर नाही, काही नाही. मिळाल्यावर घरी पिवळं कार्ड आलं, तेच डॉक्टरकडे दाखवायचं आणि तेच वाचनालयात. एका बँकेनं तरीही तीनदा कागद मागवले, ते जाऊ दे.

ऑफिसात साहेबांना नुसत्या नावानं हाक मारते. पहिले दोन आठवडे मी हाकच मारत नव्हते, समोर जाऊन खाकरायचे. काम मात्र बाबांना कळेल असं: पवनचक्क्यांच्या पात्यांचं. चाळकेवाडीच्या पठारावर तुम्ही आम्हाला ज्या दाखवायला न्यायचात, त्यांची थोरली भावंडं. जेवण साडेअकराला! राय नावाच्या धान्याच्या काळ्या, आंबूस पावावर मासा ठेवून सुरीकाट्यानं खातात. मी डबा उघडला की शेजारचा विचारतो, "आज कुठली भाजी?" मेथी, कोथिंबीर पश्चिमेकडच्या बाजारात, बाझार वेस्टमध्ये मिळते, चांगली जुडीनं. शनिवारी सायकलनं जाते. थांबायच्या आधी हात वर करायचा असतो, नाहीतर मागचा करवादतो. मी खाल्लेत बोल.

आता खरी गोष्ट. भाषेच्या वर्गात पन्नासला ‘हाल्त्रेस’ म्हणतात हे कळलं आणि सगळा वर्ग हबकला. बाईंनी फोड केली: तिसरा अर्धा, गुणिले वीस. पोलंडचा मुलगा डोकं धरून बसला. मी मात्र हसायला लागले. अहो बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना, अडीच म्हणजे अर्धतृतीय? आणि आपली आजी गोवऱ्या विसांनीच मोजायची, साठाला तीन विसा म्हणायची. हाल्त्रेस म्हणजे अडीच विसा! सत्तर साडेतीन विसा, नव्वद साडेचार. पंचवीससुद्धा आपल्यासारखे, आधी पाच मग वीस. बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा इथे मला काहीतरी आधीपासून येत होतं.

आणि त्यातच खालच्या मजल्यावरच्या आजींची चिठ्ठी आली, सत्तरीच्या वाढदिवसाची. सहा आठवडे आधी! वर लिहिलेलं, दोन ते पाच. पाच म्हणजे निघायचं. आई, तू म्हणालीस, "हे कसलं बोलावणं, उठायची वेळ आधीच सांगायची?" मलाही तसंच वाटलं होतं. दोनला पाच मिनिटं असताना पोचले तर दाराबाहेर आणखी दोघं जण उभी, दोन वाजायची वाट बघत. मीही चपला काढून रांगेत. आत केकवर, टेबलावर, कुंडीत, सगळीकडे कागदी लाल-पांढरे झेंडे. मला आधी वाटलं राष्ट्रीय सण आहे. पण वाढदिवस म्हटला की इथे झेंडा लागतोच. मी म्हटलं, "साडेतीन विसांच्या शुभेच्छा," आणि माझ्या मोडक्या डेनिशमध्ये फोड सांगितली. आजींनी सगळ्यांना गप्प करून ती पुन्हा सांगायला लावली.

पाचला सगळे उठले. आजींनी मला दाराशी थांबवून त्यांच्या घराची जादा किल्ली दिली. पुढच्या महिन्यात त्या लेकीकडे जाणार आहेत, झाडांना पाणी मी घालायचं. तारखा कागदावर लिहून दिल्या आहेत, सोमवार आणि गुरुवार.

तेव्हा आई, काळजी कमी कर आणि भाजणी पाठव, दोन किलो. आजींना थालीपीठ खायला घालायचं आहे, त्यांच्या सोयीनं, म्हणजे बहुधा जानेवारीत. आणि एक विचारायचं राहिलं. आपली आजी शंभराला पाच विसा म्हणायची की शेकडा? मंगळवारी वर्गात सांगायचं आहे, त्याच्या आत कळव.

तुमची लेक