चिकटपट्टीवरच्या एका शब्दाबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर मधल्या मारुतीजवळच्या तुमच्या दुकानात मी एक ट्रान्समीटर घेऊन आलो होतो. तुम्ही विसरलाही असाल. मिक्सर, टेबलफॅन आणि इस्त्र्यांच्या त्या ढिगात बसलेल्या माणसाने लक्षात तरी काय काय ठेवायचं! पण आज पहाटे हिप्परग्याच्या तलावावरून आलो तो चहाही न घेता हे लिहायला बसलो आहे.

आधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर मला काय मिळालं ते कळणार नाही. माझी रेडिओ कंट्रोलची बोट आहे, काठावरून हातातल्या त्या ट्रान्समीटरने चालवायची. दीड हात लांब, सांगाडा मीच केलेला. (खरी हौस विमानाची होती, पण होटगी रोडला विमानतळ असलेल्या गावात ती नको म्हणून पाण्यावर उतरलो.) ही बोट काठापासून चाळीस पावलं गेली की बहिरी व्हायची. मी डावीकडे वळवतोय आणि ती आपली सरळ निघाली. दोनदा लव्हाळ्यात घुसली, दोन्ही वेळा मी पँट गुडघ्यावर घेऊन चिखलात. बायको म्हणाली, एक तर रेंज वाढवून घ्या, नाहीतर पोहायला शिका.

म्हणून एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानात गेलो. पावतीवर लिहिलं, ‘खेळणे, १ नग’. काउंटरवरचा पोरगा शेजाऱ्याकडे बघून हसला, ते मी पाहिलं. ‘अँटेना आखूड आहे, लांब टाकून देतो,’ म्हणाला. आठवड्याने ट्रान्समीटर परत आला तो डोक्यावर एफएम ट्रान्झिस्टरचा स्टीलचा दांडा घेऊन. चारशे रुपये घेतले आणि चाळीस पावलांची वीस झाली. तक्रार करायला गेलो तर म्हणे, चायना माल आहे, फेकून द्या, पोराला नवीन घेऊन द्या. पोराला! माझं पोरगं इंजिनिअरिंगला आहे हो, आणि त्याला या बोटीची लाज वाटते. दुसऱ्या एका शहाण्याने बूस्टरची डबी विकली. ती तव्यासारखी तापायची. रेंज तेवढीच.

एवढं सगळं होऊन मी तुमच्याकडे आलो तेव्हा ट्रान्समीटर पिशवीतून काढताना आधीच कारणं द्यायला लागलो होतो. ‘म्हणजे तसं खेळणंच आहे, पण...’ असं काहीतरी. तुम्ही ऐकून घेतलं की नाही, माहीत नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा तोडला, ट्रान्समीटरच्या पाठीवर चिकटवला आणि बॉलपेनने लिहिलं:

‘रेडिओ. तक्रार: अंतर कमी. मालक:’

आणि वर बघून विचारलंत, ‘नाव काय लिहू?’

काका, तिथे माझा घसा दाटला. आता हे वाचून तुम्ही हसाल. पण बेचाळीस वर्षांच्या माणसाला मित्र ‘काय बे, अजून बोटी सोडतो का?’ म्हणतात आणि तो त्यांच्याबरोबर हसतो. आपल्या हौसेवर दुसऱ्याच्या आधी आपणच हसून घ्यायची सवय लागते. तुम्ही ‘रेडिओ’ लिहिलंत. विविध भारतीच्या जमान्यापासून ज्या वस्तू तुमच्या टेबलावर आल्या, त्यांच्याच रांगेत माझी वस्तू नेऊन ठेवलीत. उघडण्याआधी ‘उघडू ना?’ असंही विचारलंत.

दुरुस्तीचं काय लिहू! तुम्ही तो दांडा बोटांत फिरवत म्हणालात, ‘मालक, एफएमची लहर तीन मीटरची. तिचा चतकोर पाऊण मीटर, म्हणून हा एवढा लांब. तुमचं मशीन दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झवर चालतंय. तिची लहर साडेबारा सेंटीमीटर. चतकोर किती झाला? तीन सेंटीमीटर आणि एक मिलिमीटर. ज्याची जेवढी भाकरी, त्याचा तेवढाच चतकोर.’ चारशे रुपये देऊन मी कोणत्या भाकरीचा चतकोर विकत आणला होता, ते तेव्हा कळलं.

मी बूस्टरचं विचारलं. तुम्ही सांगितलंत की ताकद चौपट केली तर अंतर दुप्पट, तेही मोकळ्या मैदानात. आणि या बँडला लायसन लागत नाही म्हणून वाट्टेल तेवढी ताकद हवेत सोडायचीही मुभा नाही. मग म्हणालात, बोट घेऊन या. बोटीत रिसीव्हरची अँटेनाची वायर बॅटरीखाली आडवी, तळाला चिकटून पडलेली. ‘पाण्यात तोंड घालून बसलंय, ऐकू कसं येईल त्याला?’ शेजारच्या रसवंतीतून एक स्ट्रॉ मागून आणलीत आणि वायरीचं टोक तिच्यातून उभं केलंत. पाण्यापासून वीतभर वर. रेंज खरी वाढली ती इथे, एका फुकटच्या स्ट्रॉमुळे.

आणि तो मेदूवडा! अँटेना धरायची कशी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ती भाल्यासारखी बोटीवर रोखायचो. ‘वड्याच्या भोकात काडी उभी धरा. काडी म्हणजे अँटेना, वडा म्हणजे तिचा सिग्नल. काडीच्या टोकाकडे काय आहे? भोक. मग बोटीकडे टोक का करता?’ आता इडलीगृहात बसलो की मला सगळीकडे सिग्नलच दिसतात.

मी निघालो तर तुम्ही थांबवून फेलसेफ लावून घ्यायला लावलंत, म्हणजे सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद. ‘रेंज वाढली की माणूस जास्त लांब सोडतो,’ म्हणालात. आणि ‘डोळ्याला बोटीचं तोंड कुठं ते दिसेनासं झालं, तर पुढची रेंज काय चाटायची आहे?’

एकशेवीस रुपये घेतलेत. दीडशे ठेवले तर तीस परत केलेत.

असं वागणारी माणसं गावात कमी नाहीत, हे मला उगाच आता दिसायला लागलंय. आमच्या गल्लीतला शिंपी जुन्या पँटची चेन बदलतानाही टेप लावून बघतो. आठवडी बाजारातली एक मावशी रुपयाची कोथिंबीर मागितली तरी पाणी झटकून देते. त्यांना आपण कधी काही लिहीत नाही. मीही नसतंच लिहिलं.

आज सकाळी वारा नव्हता. बोट दोनशे पावलांपलीकडे पाणकावळ्यांपर्यंत गेली, वळ म्हटल्यावर वळली आणि परत आली. त्यापुढे मीच सोडली नाही, कारण शेंडीचं केशरी फडकं तेवढं दिसत होतं, तोंड दिसत नव्हतं. तुमचा हुकूम पाळला.

चिकटपट्टीचा एक कोपरा घामाने सुटायला लागला होता. वरून पारदर्शक टेप मारली आहे.

आपला,
तिच्यावर लिहिलेला मालक