गोल्फ : साधन घेण्याआधी दोष शोधा

संपादक महोदय,

गोल्फच्या फेरीत बॅगेत चौदाच क्लब (चेंडू मारायच्या स्टिक) ठेवता येतात. सरावाच्या साधनांना असा काही आवर नाही. वजनदार क्लब, बिजागरीचा क्लब, मनगटाला बांधायचा पट्टा, पुटिंगची (चेंडू हळूच ढकलून होलमध्ये, म्हणजे खळग्यात, घालण्याच्या सरावाची) पट्टी असे सगळे एकदम घरी येते आणि थोड्याच दिवसांत माळ्यावर जाते. घालवायचा दोष कोणता, हेच ठरलेले नसते; मग साधनाने फरक पडला की नाही हे कळणार कसे?

दोष शोधायला व्हाइटबोर्डचा मार्कर पुरतो. चेंडूवर ठसठशीत ठिपका काढावा, तो फेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) बाजूला येईल असा चेंडू ठेवावा आणि मारावा. फेसवर ठसा उमटतो. तो बघून पुसावा, मग पुढचा चेंडू. दहा चेंडूंत चित्र स्पष्ट होते. ठसे शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) बाजूला गोळा होत असतील, तर पहिल्यांदा चेंडूपासून आपण किती अंतरावर उभे राहतो ते तपासावे. ठसे फेसभर विखुरलेले असतील, तर कुठलेच साधन घेऊ नये. अर्ध्या स्विंगवर, म्हणजे क्लब अर्धाच फिरवून मारण्यावर, परत यावे.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते पुटिंगमध्ये. पुटर (पुटिंगचा क्लब) ठरावीक वाटेनेच जावा म्हणून रूळ विकले जातात. पण पुट कुठल्या दिशेने सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो, पुटरच्या वाटेचा वाटा त्यात थोडा असतो. फेस एक अंशाने वाकडा असला, तर दहा फुटांवर चेंडू सुमारे ५३ मिलिमीटर बाजूला जातो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे चेंडू थेट काठावर. रुळावरून पुटर अगदी सरळ नेला तरी ही चूक तशीच राहते, आणि रूळ ती दाखवतही नाही.

त्यापेक्षा दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) घ्याव्यात. चेंडूच्या ४५ सेंटिमीटर पुढे, एकमेकींपासून साडेपाच सेंटिमीटर अंतरावर रोवाव्यात. चेंडू ४२.७ मिलिमीटरचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम सहा मिलिमीटर जागा उरते. या फटीतून न शिवता गेलेला चेंडू दहा फुटांच्या सपाट, सरळ पुटला दिशेने चुकत नाही. उरतो तो फक्त वेग. पावसाळ्यात घरी सराव करायचा तर टीऐवजी दोन पेन्सिल सेल उभे करावेत. चेंडू चाटून गेला तरी सेल आडवा होतो, वाद घालायला जागाच नाही. दोन फुटी फरशी असेल तर तिची सांध ही आयती सरळ रेषा, आणि पाच फरश्या म्हणजे दहा फूट. पुटिंग मॅट घ्यायचीच असेल तर होलपाशी चढ नसलेली घ्यावी. चढाच्या मॅटवर जोरात मारायची सवय लागते आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू होलच्या पार पुढे जातो.

रेंजवरची (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावरची) मॅट आणखी फसवी. आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) चेंडूच्या मागे आपटला तरी मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. चेंडूच्या चार इंच मागे घडी केलेला नॅपकिन ठेवावा. क्लब आधी नॅपकिनला लागला, की चूक कळली. हे टीवर चेंडू ठेवून ड्रायव्हरने (सर्वात लांब मारायच्या क्लबने) मारायच्या फटक्यासाठी नाही.

नेम तपासायला जमिनीवर ठेवायच्या दिशेच्या काठ्या जरूर घ्याव्यात, पण महागड्या कशाला? वायरिंगचा तीन मीटरचा पीव्हीसी पाइप मधोमध कापला की जोडी तयार. एक काठी चेंडूच्या थोडी पलीकडे, लक्ष्याच्या रेषेला समांतर. दुसरी पायांच्या बोटांपाशी, पहिलीला समांतर. पायांची काठीच होलमधल्या झेंड्याकडे रोखणे ही नेहमीची चूक. तसे केले की उजव्या हाताच्या खेळाडूचा नेम झेंड्याच्या उजवीकडे जातो. मग चेंडू डावीकडे ओढायची खोड लागते आणि दोष स्विंगला दिला जातो.

शरीर जखडून ठेवणाऱ्या पट्ट्यांबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. पट्टा बांधला असेपर्यंत हात जागेवर, सोडला की मूळ पदावर. वापरायचाच तर पाच चेंडू पट्टा लावून, पाच न लावता, असा आलटून पालटून वापरावा आणि बिनपट्ट्याचे फटकेच मोजावेत. स्पर्धेच्या फेरीत मात्र दिशेची काठी किंवा वजनदार साधन घेऊन सरावाचा स्विंगसुद्धा करू नये. पहिल्या वेळी दंड, दुसऱ्यांदा बाद.

रेंज चालवणाऱ्या गोल्फ संस्थांना एक विनंती. प्रत्येक मॅटपाशी काठ्यांची एक जोडी ठेवा आणि मॅट कुठल्या खुणेकडे रोखली आहे ते तिथे लिहा. तिरकी पडलेली मॅट नवशिक्याला रोज चुकीच्या दिशेला उभे करते.

— काही गोल्फ प्रशिक्षक, पुणे