बकेटला काटा बसवून देणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

आभार खरं तर समोर येऊनच मानायचे. पण दुकानात विषय काढला की तुम्ही "ते राहू द्या वहिनी, फाळ आणलाय का तो दाखवा" म्हणून दुसरंच काढता. शिवाय बकेट सपाट आहे की नाही हे सीटवरून दाखवणारा जो काटा तुम्ही आमच्या ट्रॅक्टरच्या लोडरला करून दिलात, तो संगमनेर-अकोले भागातल्या बाकीच्या गोठेवाल्यांनाही कळावा असं फार वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी आमची अडचण सांगते. आमचा मुक्तसंचार गोठा आहे. गाई बांधलेल्या नसतात. मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून केलेल्या आवारात मोकळ्या फिरतात. शेण तिथेच पडतं, तिथेच सुकतं, आणि थर साचला की ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरने तो खरवडून कडेला लावायचा. उन्हाळ्यात तोच ढीग ट्रॉलीत भरून रानात जातो. ट्रॅक्टर कधी मी चालवते, कधी पुतण्या.

लोडरवर बसलेल्या माणसाला बकेटचा तळ दिसत नाही. पुढे बॉनेट, त्यापुढे बूम, म्हणजे बकेट उचलणारे लोखंडी हात, मग बकेटची पाठ. पातं, म्हणजे बकेटची पुढची धार, जमिनीला नीट टेकलंय की नाक खाली करून बसलंय, हे सीटवरून कळायला मार्गच नसतो. आवाजावरून आणि ट्रॅक्टर दबतो त्यावरून ओळखायचं. बकेटचा तळ दोन फूट लांब धरला आणि तो नुसता 5 अंशांनी पुढे झुकला, तरी पातं दोन इंच खाली जातं. आवारातला चोपलेला मुरूम तेवढ्याने उकरला जातो. उलट बकेट मागे कललेली राहिली तर तळाची मागची कड, म्हणजे टाच, घासत जाते आणि शेणाचा पातळ थर खालीच राहतो.

उकरलेल्या जागी खड्डा पडतो, खड्ड्यात मूत आणि पाणी साचतं, आणि गाय नेमकी तिथेच बसते. सड चिखलात राहिले की कासदाहाची भीती, पाय ओलीत राहिले की खुरांची दुखणी. ज्याच्या घरी दूध डेअरीला जातं त्याला कासदाह म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वर उकरलेला मुरूम आणि खडे शेणखतात मिसळून रानात जातात, तिथे रोटाव्हेटरची पाती खातात. एवढ्या सगळ्याचं मूळ बकेटच्या त्या दोन इंचांत असतं.

परदेशातल्या कितीतरी लोडरवर कंपनीच एक दर्शक बसवून देते. सीटवरून बघितलं की बकेट सपाट आहे की नाही ते कळतं. आमचा लोडर साधा, त्यावर तसलं काही नव्हतं. म्हणून तुमच्याकडे आले.

तुम्ही केलेली पहिलीच गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. तुम्ही टेप काढला नाही की वेल्डिंगचा होल्डर उचलला नाही. ट्रॅक्टरवर चढलात, सीटवर बसलात, उजवा हात लिव्हरवर ठेवलात आणि नुसतं बघत राहिलात. मग उतरून मला बसवलंत आणि विचारलंत, "वहिनी, मान न वळवता तुम्हाला कुठला जॅक दिसतो?" जॅक म्हणजे तेलाच्या दाबाने ज्याचा रॉड आतबाहेर होऊन बकेट कलते ती नळी. माझी उंची कमी, तुमची जास्त, पुतण्याची आणखी वेगळी. तिघांनाही दिसेल असा, सायलेन्सर आडवा न येणारा डावा जॅक तुम्ही निवडलात. यंत्राचं काम करणारे पुष्कळ बघितले, पण यंत्र चालवणाऱ्याच्या जागी बसून बघणारा क्वचित भेटतो. आभार मानायचे ते सगळ्यात आधी याचे.

पुतण्याचं म्हणणं होतं की बकेटच्या कडेला गवंड्याची छोटी पाणसळ चिकटवून टाकू. त्याला तुम्ही झटकलं नाहीत, आमच्या आवाराकडे बोट दाखवलंत. पाणी निघून जावं म्हणून आम्ही आवाराला मुद्दाम ढाळ दिलेला आहे. पाणसळ बकेट क्षितिजाशी समांतर आहे का ते सांगणार. ढाळावर उतरताना तिच्या बुडबुड्यावर विसंबलो तर पातं अधांतरी राहील, चढताना जमिनीत घुसेल. आपल्याला हवं आहे ते ट्रॅक्टरची चाकं ज्या जमिनीवर उभी आहेत तिच्याशी समांतर. म्हणजे मोजायचं ते ट्रॅक्टरच्या अंगावरच, जॅक किती बाहेर आलाय त्यावरून. मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि एकदा समजल्यावर इतकं सरळ वाटलं की त्या रात्री घरी सगळ्यांना वहीवर काढून दाखवलं.

मग काटा. 10 मिलीमीटरचा गोल बार, त्याचं एक टोक वाकवून केलेला डोळा, आणि तो डोळा जॅकच्या बकेटकडच्या पिनेत वायसरखाली अडकवलेला. जॅकच्या नळीवर अर्धा इंची पाईपचा वीतभर तुकडा, त्यातून तो बार सरकतो. बकेट मागे ओढली की जॅक आत जातो आणि बार आपल्याकडे वर येतो. बकेट ओतली की बार खाली सरकतो. बार एवढा लांब ठेवलात की बकेट पूर्ण ओतली तरी त्याचं टोक पाईपबाहेरच राहतं. पाईपमध्ये तो जरा ढिलाच आहे. मी ग्रीस लावायला निघाले तर तुम्ही हात धरलात. ग्रीस धूळ धरतं, आणि धुळीची लापशी झाली की बार अडकतो. कोरडा आणि ढिलाच बरा.

पाईप जॅकवर वेल्ड करून टाकावा असं कुणालाही वाटेल. दोन टाके मारले की काम संपलं. तुम्ही होल्डरला हातही लावला नाहीत. जॅकच्या नळीला वेल्डिंगची आच लागली की आतला बोअर, म्हणजे गोल पोकळी, वाकडा होऊ शकतो, तेल अडवणारं सील जळतं, आणि ठिणगी रॉडच्या चकचकीत क्रोमवर पडली तर तिथे खरखर होऊन पुढे प्रत्येक वेळी ती सीलला कापते. म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी खाली घालून दोन होज क्लिपांनी पाईप आवळलात. सगळं सामान दुकानातल्या भंगारातलं, क्लिपा तेवढ्या नव्या. लोडरवर दुसरं कुठलंही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची वायर काढायची आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे करंट पिना आणि त्यांच्याभोवतीच्या बुशांतून फिरत नाही, हेही तुम्ही पुतण्याला त्याच वेळी समजावलंत.

खूण करायला तुम्ही आम्हाला सोसायटीच्या गोदामासमोरच्या कोब्यावर नेलंत. जागा सपाट हवी, किंचित ढाळ असला तरी चालेल, असं म्हणालात तेव्हा पुतण्या हसला, कारण पाणसळीचं बोलणं त्याला आठवलं. आधी पुढच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करून घेतलीत. बकेट टेकवली, इंजिन बंद केलं, आणि तुम्ही कोब्यावर चक्क आडवे झालात. हॅक्सॉचं एक ब्लेड पात्याखाली सरकवून बघायचं, मग तेच टाचेखाली. पुढे जात होतं, मागे जात नव्हतं. परत चालू, लिव्हरला नखभर धक्का, परत बंद, परत ब्लेड. दोन्हीकडे ब्लेड अडलं तेव्हा पाईपच्या तोंडाशी बारवर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारलात. आमच्या बकेटची बिजागरीची पिन आणि जॅकची पिन यांत साधारण 25 सेंटीमीटरचं अंतर आहे. म्हणजे बकेट एक अंश हलली की बार 4 मिलीमीटरच्या आसपास सरकतो. सीटवरून तेवढा फरक डोळ्याला कळतो, आणि संध्याकाळी दिसावा म्हणून लालच्या वर तुम्ही रेडियमची बारीक पट्टीही चिकटवलीत.

मला एवढ्यानेच समाधान होतं. दुसरा, पांढरा पट्टा तुम्ही न मागता केलात, आणि त्याचं मोल मला पहिल्यापेक्षाही जास्त वाटतं. आमच्यासारख्या साध्या लोडरमध्ये बूम वर गेला की बकेट त्याच्याबरोबर मागे झुकत जाते. जमिनीशी सपाट असलेली बकेट ट्रॉलीच्या उंचीला पोचेपर्यंत बरीच चालकाकडे कललेली असते. शेणखत असेल तर थोडं सांडेल. पण दगड असेल, नाहीतर चाऱ्याचा गठ्ठा असेल, तर तो बूमवरून घरंगळत सरळ बॉनेटवर आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. तुम्ही बूम ट्रॉलीच्या फळीएवढा उचलायला लावलात, बकेट हळूहळू पुढे सोडत सपाट केलीत, या खेपेला मात्र पाणसळ लावूनच, आणि तिथे पांढरी खूण केलीत. "हा पट्टा तोंडाशी येईल तसं वर न्या, मी खाली नसलो तरी तो सांगेल," हे पुतण्याला म्हणालात. पुतण्याचं वय तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आईने तुमच्यासाठी खरवस पाठवला होता तो उगीच नाही.

आता आवार बघायला या. पावसाळा येऊन गेला, पण पूर्वीसारखी डबकी राहिली नाहीत. खत काढल्यावर खाली मुरमाचा तोच चोपलेला थर लागतो, आणि उन्हाळ्यात भरलेल्या ट्रॉलीत खडे दिसत नाहीत. शेजारच्या मळ्यातले दोघे काटा बघून गेले. त्यांना आमच्या बारचं माप दिलं नाही, कारण प्रत्येक बकेटची पिन वेगळी, बूम वेगळा. ट्रॅक्टर घेऊनच जा आणि जो चालवतो त्यालाच बरोबर न्या, एवढं सांगितलं आहे. पातं झिजून बदललं किंवा बुश नवे घातले की खूण पुन्हा तपासायची, हे तुमचं वाक्यही त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते आले तर कोब्यावर नेण्याचा तुमचा वेळ धरून पैसे घ्या. आमच्याकडून तुम्ही मजुरी फार कमी लावलीत, आणि ते मला पटलेलं नाही.

आमच्या डाव्या बाजूच्या पिनेत थोडा खेळ आलेला वाटतो, बकेट टेकवताना पट्टा किंचित मागेपुढे होतो. कांदा काढून झाला की पुतण्या लोडर घेऊन येईल. बुश आणि काटा दोन्ही एकदमच बघा, आणि या खेपेला मजुरी पूर्ण सांगा.

आपली,
मळ्यातली वहिनी
(ता. संगमनेर)