दत्तास पत्र: आधी पाणी, मग खड्डे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काका गेल्यापासून रान पडीकच होतं. आता तिथं सरकारी अनुदानातून मोसंबी लावायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण खड्डे घेण्याआधी माझं थोडं ऐक.

फळबागेचं अनुदान ही आपल्या राज्याने शेतकऱ्यासाठी केलेल्या चांगल्या कामांपैकी एक, असं मी मनापासून मानतो. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि एकाच कामातून मजुराच्या हाताला रोजगार आणि शेतकऱ्याच्या रानात कलमं आली. त्याआधी कोरडवाहू माणूस बागेचं नाव काढायला धजावत नसे. पुढे मनरेगातून दोन हेक्टरपर्यंत लागवडीची सोय झाली, पण त्याला जॉबकार्ड हवं. ज्यांना तिथं बसता येत नाही त्यांच्यासाठी २०१८-१९ पासून राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिच्यात पोट शेतीवरच असलेल्यांना प्राधान्य आहे, आणि ते योग्यच आहे. तू पुण्यात नोकरीला. सातबारा काकूंच्या नावावर आहे, त्या गावातच राहतात, तेव्हा सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्जही त्यांच्याच नावाने भर.

फुंडकर योजनेचे पैसे तीन वर्षांत येतात: पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ३०, मग २०. पुढचा हप्ता हवा तर पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली दिसली पाहिजेत. ही अट मला पटते. पण मोसंबी खऱ्या अर्थाने पैसे द्यायला लागते पाचव्या वर्षाच्या आसपास. अनुदान संपल्यानंतरचे उन्हाळे तुझे तुलाच काढायचे आहेत, आणि आपल्याकडे बाग मरते ती उन्हाळ्यातच.

२०१२-१३ चा दुष्काळ आठव. आपल्या जालना जिल्ह्यात लोकांनी टँकरचं विकतचं पाणी घालून बागा धरून ठेवल्या. ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी फळाला आलेली झाडं कुऱ्हाडीने तोडली. पोटच्या लेकरासारखं वाढवलेलं झाड तोडणाऱ्या माणसाला कुठल्या शब्दांत धीर द्यायचा? त्या बागा लागल्या तेव्हा सरकारी कागदावर त्यांची हेक्टरं मोजली गेली होती. वाळल्या तेव्हा ती हेक्टरं कुणी वजा केली नाहीत. माझं सरकारकडे एवढंच मागणं आहे की किती लागवड झाली यापेक्षा दहा वर्षांनी किती झाडं उभी आहेत ते मोजा. शेततळं, त्याचं प्लास्टिकचं अस्तर, ठिबक आणि कलमं यांना एकच अर्ज, एकच मंजुरी द्या. आज ठिबकाला वेगळी रांग, तळ्याला वेगळी. कलमं आधी येतात आणि पाणी मागून.

एकदा कडवंची गावाला जाऊन ये, जालन्याहून लांब नाही. तिथं १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, आधी पाणलोटाचं काम झालं. पुढे शेततळी झाली आणि त्या जोरावर द्राक्षं फुलली. पाऊस आपल्यासारखाच, फरक कामाच्या क्रमात.

आता तुझ्या रानाचं. विहिरीजवळची मध्यम काळी जमीन मोसंबीला चालेल, पण आधी माती तपासून घे. चुनखडी जास्त निघाली तर हट्ट करू नकोस, झाडं पिवळी पडतात. रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली न्यूसेलर जातीची कलमं घे, तीही परवाना असलेल्या रोपवाटिकेतून. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, तिथं विचार. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. तुझी विहीर मे महिन्यात जेवढी झाडं पाजेल तेवढीच लाव.

वरच्या मुरमाड पट्ट्यात मात्र सीताफळ. उन्हाळ्यात पानं गाळून ते झोपी जातं, पाणी मागत नाही, आणि पावसाबरोबर जागं होतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे. अडचण एकच, तोडलेलं फळ चार दिवसही थांबत नाही. गर काढून थंड ठेवायची सोय तालुक्याच्या गावी झाली, तर व्यापारी म्हणेल त्या भावाला माल देण्याची वेळ येणार नाही. लागवडीइतकाच पैसा सरकारने यात घालावा, असं मला फार वाटतं.

फळपीक विम्याची मुदत बहारानुसार, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामानुसार, ठरते आणि पटकन निघून जाते, तेव्हा बाग धरल्यावर त्या मुदतीवर लक्ष ठेव.

काकूंना सांग, सातबारा, आठ-अ आणि आधारला जोडलेलं बँकेचं पासबुक काढून ठेवा. येत्या रविवारी मी येतो आणि दोन्ही पट्ट्यांतली माती तपासणीला घेऊन जातो. विहिरीचं पाणी या उन्हाळ्यात कुठवर खाली गेलं होतं, तेही त्यांना विचारून ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर