टाकीतली हवा

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल कॉलेजच्या वर्कशॉपमधून यायला रात्रीचा दीड वाजला. यंदाच्या रोबोकॉनच्या, म्हणजे रोबोंच्या स्पर्धेच्या, मुलांना मदत करायला ऑफिस सुटल्यावर जाते, हे तुम्हाला माहीतच आहे. काल त्यांच्या रोबोचा पंजा तिसऱ्या फेरीत ढिला पडला आणि बाबा, तुमचा २०१४ मधला फोन आठवला.

तेव्हाचं मी कधी नीट सांगितलंच नाही. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय रोबोकॉन आपल्याकडे होती, पुण्यात बालेवाडीला, आणि विषय होता पालकत्वाला सलाम. एक पालक रोबो, आपण हातानं चालवायचा, आणि एक बाळ रोबो, आपलं आपण हलणारं. पालकानं बाळाला उचलून सी-सॉवर न्यायचं, झोक्यावर बसवून झोका द्यायचा, खांबांवरून चालायला सोडायचं आणि शेवटी बाळानं जंगलजिम स्वतः चढायची. सगळं तीन मिनिटांत.

आमचा पंजा हवेवर चालायचा. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या, त्यांत सहा बार दाबापर्यंत हवा. व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडर पंजा मिटवायचा. आई, पंजाला आतून तू कापून दिलेलं रबर होतं, शेकायच्या जुन्या पिशवीचं. त्याच्या खाचांमुळेच बाळ घसरायचं थांबलं.

सी-सॉ जमला, झोका जमला. सलग चालवलं की मात्र बाळ झोक्याशी नेताना हातातून सुटायचं. आठ दिवस आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. तुमचा फोन आला तेव्हा मी चिडूनच बोलले. तुम्ही एवढंच विचारलंत, "टाकीला काटा आहे का? ब्रेक सारखा दाबला की गाडीच्या टाकीतली हवा उतरते गं."

एसटीच्या डेपोत जन्म गेलेल्या माणसाला जे ऐकूनच कळलं, ते आम्हाला समोर दिसत नव्हतं. आम्ही एकेक काम वेगळं तपासायचो आणि दर वेळी बाटल्या नव्यानं भरायचो! दाब दाखवणारा काटा लावला, तर झोक्यापर्यंत येईस्तोवर सहाचे साडेतीन झालेले. मग बाळाला धरणाऱ्या सिलिंडरला वेगळी बाटली दिली, मध्ये हवा उलटी जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. त्यानंतर बाळ पडलं नाही.

राष्ट्रीय फेरीतच आम्ही थांबलो. ऑगस्टमधली अंतिम स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहिली, व्हिएतनामचा संघ जिंकला. पण काट्याचं तुम्हाला त्याच रात्री सांगायला हवं होतं. त्या महिन्यांत तुमचे कितीतरी फोन मी अर्ध्यावर ठेवले, त्याबद्दल मनापासून माफी मागते. काल बारा वाजता टीममधल्या एका मुलीच्या आईनं मला विचारलं, "मॅडम, ती जेवली का?" तिला जेवायला बसवलं आणि मगच त्यांना उलटा फोन केला.

रविवारी मुलं सलग दहा फेऱ्या घेणार आहेत, मधे हवा न भरता. बाबा, तुम्ही काट्यापाशी बसायला हवे आहात. वर्कशॉप तळमजल्यावर आहे, गुडघ्यांना त्रास व्हायचा नाही. शनिवारी दुपारी मिरजेला गाडी घेऊन येते. आई, डोळ्यांचे थेंब आठवणीनं पिशवीत टाक, आणि घरात जुनं रबर असेल तर तेही.

तुमची,
मनू