विजयनगर निर्जन नाही

महोदय,

काल, रविवारच्या पुरवणीत ईशान्येकडच्या धावपट्ट्यांवरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळची कामं तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

अरुणाचलमधल्या विजयनगरच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्या आणि त्यातही 'निर्जन जंगलातील धावपट्टी, २०१९ मध्ये सुरू' असं छापलंय. शेजारच्या नकाशात तर हे गाव तवांगजवळ नेऊन ठेवलंय. तवांग अरुणाचलच्या पश्चिमेला आणि विजयनगर पार पूर्वेच्या टोकाला, तीन बाजूंनी म्यानमार. छापायच्या आधी हे कुणाच्याच नजरेला कसं पडलं नाही?

२०१९ मध्ये सुरू नव्हे, पुन्हा सुरू. १८ सप्टेंबरला हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान उतरलं ते दुरुस्त केलेल्या धावपट्टीवर. आसाम रायफल्सची तुकडी त्या खोऱ्यात पोचली १९६१ साली. त्यांचे प्रमुख मेजर जनरल गुराया यांच्या मुलाचं नाव विजय, त्यावरून विजयनगर. लिसू जमातीचे लोक त्याच्याही आधीपासून तिथे राहत होते. पुढे आसाम रायफल्समधून निवृत्त झालेल्या जवानांची, त्यातही बहुतेक गुरख्यांची कुटुंबं सरकारनेच नेऊन वसवली. सीमेवर आपली माणसं हवीत म्हणून ज्यांना तिथे ठेवलं, त्यांच्या गावाला निर्जन म्हणवतं तरी कसं?

माझे यजमान हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे, होते. ऐंशीच्या दशकात आम्ही आसाममधल्या जोरहाटला क्वार्टरमध्ये राहायचो. हे विमानाबरोबर विजयनगरला जायचे तेव्हा आत काय काय भरलेलं असायचं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय: तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधं, छपराचे पत्रे आणि मिठाची पोती. मियाओ या जवळच्या गावापासून विजयनगर १५७ किलोमीटर, बहुतेक वाट नामदफाच्या जंगलातून. सत्तरच्या दशकात काढलेला रस्ता दरडींनी गिळला. मग पाठीवर ओझं घेऊन आठवडाभर चालायचं, नाहीतर विमानाची वाट पाहायची.

१९८७ च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. विजयनगरला उतरताना विमानाचा टायर फुटला आणि दुसरं चाक आणायच्या आत ढग खाली आले. चार रात्री हे तिकडेच. माझ्या कडेवर दोन वर्षांची मुलगी. युनिटमधून एक जवान सायकलवरून येऊन सांगून गेला, "भाभीजी, सब ठीक है, मौसम खुलेगा तो आ जाएँगे." रोज सकाळी मी दारात उभी राहून पूर्वेकडचं आभाळ बघायचे. जून २०१९ मध्ये जोरहाटहून अरुणाचलमधल्याच मेचुकाला निघालेलं एएन-३२ तेरा जणांसह पडलं, तेव्हा टीव्हीपुढे बसून मला तीच दाराची चौकट आठवत होती.

त्या चार दिवसांत एका निवृत्त गुरखा हवालदाराच्या घरी सगळ्यांची जेवणं झाली. भात आणि दुधीसारखी कसलीतरी भाजी. पहिल्या रात्री भाजीत मीठ नव्हतंच. घरच्या बाईंनी हात जोडून माफी मागितली, घरातलं मीठ पंधरा दिवसांपूर्वीच संपलं होतं. आणि मिठाची पोती बाहेर, ह्यांच्याच विमानातून उतरवलेली! पण रेशन मोजून वाटल्याशिवाय त्या घरातल्या कुणी पोत्याला हात लावला नाही. परतताना मागच्या रॅम्पमधून एक अडलेली बाई स्ट्रेचरवर चढवली. जोरहाटला तिला मुलगा झाला. ह्यांनी त्यानंतर आयुष्यभर पानात वाढलेलं मीठ कधी टाकलं नाही. जेवण झालं की उरलेले चार कण बोटाने टिपून खायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नातीला ही सवय आपोआप लागली आहे.

आणखी एक. नवी मुंबईच्या विमानतळावर आपण पानंच्या पानं छापलीत, छापायलाच हवी होती. पण आपल्याच जिल्ह्यात कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली. त्या जमिनींसाठी जून २०१७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, गाड्या पेटल्या. पुरवणीत धावपट्ट्यांच्या इतिहासाला दोन पानं दिलीत आणि नेवाळीचा साधा उल्लेख नाही?

नकाशाची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, दिसेल अशा जागी छापा. आणि 'निर्जन' हा शब्द मागे घ्या. विजयनगरची मुलं आता शिकायला बाहेर पडतात, एखाद्याच्या हातात आपला अंक पडलाही असेल.

— एका दिवंगत हवाई सैनिकाची पत्नी, चरई, ठाणे