मार्करआधी साधा बायोप्सी रिपोर्ट नीट वाचा

महोदय,

तोंडाच्या कॅन्सरमध्ये प्रथिनांच्या मार्करवरून आजाराचा पुढचा अंदाज बांधण्याविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. संशोधन मोलाचंच आहे. पण तो वाचून नातेवाईक लॅबच्या खिडकीशी ‘सगळे मार्कर करून टाका’ म्हणत उभे राहतील, ही धास्ती वाटली. नागपुरात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे गाठीचे तुकडे तपासतात तिथे, स्लाइड रंगवण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून लिहितो.

गाठीच्या तुकड्याचा मेणात ब्लॉक करतात, त्याचा तीन-चार मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप काढून त्यावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. की-६७ या प्रथिनाचा रंग विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशींना येतो. एका मुलाने वडिलांच्या रिपोर्टवरच्या ४० टक्क्यांवर बोट ठेवून विचारलं होतं, ‘म्हणजे वाचायची आशा चाळीसच टक्के का?’ त्या आकड्याचा तसा अर्थच नसतो; किती पेशींना रंग आला, एवढंच तो सांगतो. पी-५३ हे प्रथिन त्याहून फसवं. त्याचं जनुक बिघडलं की बहुधा रंग गडद येतो. पण काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही आणि स्लाइड कोरी राहते. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ दिसतं आणि घरचे खूश!

ई-कॅडहेरिन, ईजीएफआर, सायक्लिन डी-१ या प्रथिनांवर शोधनिबंधांचा ढीग आहे. मात्र प्रत्येकात अँटिबॉडी वेगळी, मोजायची जागा वेगळी, ‘पॉझिटिव्ह’ कधी म्हणायचं तो कटऑफ वेगळा. त्यामुळे गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरवर कोणते उपचार करायचे, हे आजही त्यांवरून ठरत नाही. पी-१६ला घशातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये खरं महत्त्व आहे, कारण तिथे तो एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरची खूण असतो. खर्रा-गुटख्याने झालेल्या गालाच्या कॅन्सरला तो हिशोब लागू होत नाही, तरी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये तो घुसवलेला दिसतो. पीडी-एल१ या मार्करला मात्र अर्थ आहे, तोही इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांचा) विचार असेल तेव्हा, मुख्यतः आजार उलटला किंवा पसरला तर.

अंदाज खरा कळतो तो नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरून. गाठ किती मिलिमीटर खोल गेली, कापलेल्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती गाठींत (लसिका ग्रंथींत) आजार आहे, त्यांचं आवरण फुटलंय का. स्टेजिंगच्या, म्हणजे आजाराचा टप्पा ठरवायच्या नियमांच्या, आठव्या आवृत्तीपासून खोलीचे ५ आणि १० मिलिमीटर हे टप्पे त्यात आले आहेत. टाटा मेमोरियलच्या २०१५च्या अभ्यासाने तर दाखवून दिलं की सुरुवातीच्या टप्प्यात, मानेत गाठ लागत नसतानाही, मुख्य ऑपरेशनसोबतच मानेच्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. हे ठरवायला एकही मार्कर लागला नाही.

पुढच्या पुरवणीत एवढं तरी छापा: ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये वरच्या चारही गोष्टी लिहिलेल्या आहेत का, हे बघा. नसतील तर त्याच लॅबला विचारा. आणि ब्लॉक, स्लाइड मागून घेऊन जपून ठेवा. दुसऱ्या मतासाठी मुंबईला गेलात की तेच आधी मागतात.

— एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, नागपूर